गाळलेले नाव

वाचकहो, मी काही लेखक नाही. माझा धंदा खिळे जुळवण्याचा. तालुक्याच्या गावी एक साप्ताहिक निघायचे, त्याच्या छापखान्यात मी सतरा वर्षे कंपोझिटर होतो. दुसऱ्याने लिहिलेले शिशाच्या खिळ्यांत उलटे जुळवायचे आणि कागदावर ते सुलटे उमटलेले बघायचे, यात माझे तारुण्य गेले. हजारो बातम्या या बोटांतून गेल्या. कुठलीच लक्षात नाही. चार ओळींची एक तेवढी अजून गेलेली नाही. ती आज सांगतो.

१९९२ सालचा जानेवारी महिना होता. गाळपाचा हंगाम जोरात होता. आमच्या वस्तीत शेजारी एक विधवा बाई राहायच्या. सगळी वस्ती त्यांना अक्का म्हणायची. त्यांचा थोरला मुलगा चोवीस वर्षांचा. तालुक्यातल्या साखर कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. रोज तीस रुपये हजेरी. गेटपास नाही, कार्ड नाही. नाव फक्त ठेकेदाराच्या वहीत. सोमवारच्या रात्रपाळीत तो बगॅस वाहून नेणाऱ्या पट्ट्यात सापडला. सकाळी प्रेत सरकारी दवाखान्यात आले. मागे आई, बायको आणि दीड वर्षाची मुलगी.

आमचे साप्ताहिक शुक्रवारी निघायचे. संपादक माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. त्यांनी बुधवारी स्वतः दवाखान्यात जाऊन माहिती घेतली आणि एकोणीस ओळींची बातमी लिहिली. ‘साखर कारखान्यात पट्ट्यात सापडून कामगाराचा मृत्यू’ असा मथळा. आत कारखान्याचे पूर्ण नाव, ठेकेदाराचे नाव, पाळीची वेळ. मी ती जुळवली. मुलाचे नाव जुळवताना खणातला ‘र’ सापडेना, कारण डोळ्यांत पाणी होते. अंगणात खेळताना त्याला पाहिलेले होते.

त्याच अंकात तिसरे पान आधीच तयार होऊन गॅलीत पडलेले होते. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचा वाढदिवस. फोटोचा ब्लॉक, चारी बाजूंनी वेलबुट्टी, खाली ‘अभीष्टचिंतन’ आणि पंचवीस-तीस नावे. पूर्ण पान.

गुरुवारी दुपारी कारखान्याचा प्रचार सांभाळणारा माणूस मोटारसायकलवरून आला. चहा झाला. मी खणापाशी उभा होतो, सगळे ऐकू येत होते. त्याने आवाज चढवला नाही, दम दिला नाही. एवढेच म्हणाला, “बातमी छापा की. कोण नको म्हणतंय? पण नाव कशाला? चौकशी चालू आहे. आणि तो आमचा कामगार नव्हता, ठेकेदाराकडचा होता.” उठता उठता म्हणाला, “हंगाम संपल्यावर सभेच्या अहवालाची छपाई द्यायची आहे. ती कुणाला द्यायची ते अजून ठरलं नाही.”

तो गेल्यावर संपादक बराच वेळ गप्प बसले. मग माझ्याकडे आले आणि त्यांनी प्रूफावर निळ्या पेन्सिलीने रेघा मारल्या. एकोणीस ओळींच्या चार राहिल्या. ‘तालुक्यातील एका कारखान्यात तरुणाचा अपघाती मृत्यू.’ कारखान्याचे नाव गेले. ठेकेदाराचे नाव गेले. आणि ‘कामगार’ हा शब्द जाऊन तिथे ‘तरुण’ आला.

मी चिमटा हातात घेतला आणि खिळे उपटले. एकेक अक्षर परत आपापल्या खणात टाकले. रिकाम्या झालेल्या जागेत शेळीपालनावरचा एक जुना मजकूर बसवला.

माझ्या तोंडावरचे बघून संपादकांनी जमाखर्चाची वही काढली. म्हणाले, “वाचता येतं ना तुला? वाच.” वर्गणीदार सातशेच्या वर होते. पैसे भरणारे दोनशेसुद्धा नव्हते. सरकारी निविदांच्या जाहिरातींची बिले आठ-आठ महिने अडकलेली. वकिलांच्या जमीन खरेदीच्या जाहीर नोटिसा, त्यांचे पैसे तेवढे रोख. बाकी कारखाना, मार्केट कमिटी आणि दोन पतसंस्था. कागदाचे रीम, शाई, वीज, टपालाचा खर्च, आणि त्याच पानावर खाली माझा पगार. संपादक म्हणाले, “तिसऱ्या पानाचे पैसे आले की कागदवाल्याचं भागतं. नाही आले, तर पुढच्या महिन्यात तू घरी आणि मीही घरी. आता सांग, काय करू?”

मला उत्तर आले नाही. घरी दोन मुली होत्या. मी फर्मा आवळला.

शनिवारी बाजाराचा दिवस. संध्याकाळी अक्का तो अंक घेऊन आमच्या दारात आल्या. कुणाकडून तरी रुपया देऊन विकत घेतला होता. पदराखाली नीट घडी करून आणला होता. त्यांना वाचता येत नव्हते. म्हणाल्या, “बाबा, तूच लावलंस न्हवं हे? वाचून दाव. माझ्या लेकाचं नाव आलंय का? कारखान्याचं बी आलंय का?”

मी कंदिलापाशी बसलो आणि वाचले. मुलाचे नाव वाचले, ते होते. मग कारखान्याचे पूर्ण नाव वाचले, ते नव्हते. कामगार म्हणून वाचले, तेही नव्हते. मी मूळच्या एकोणीस ओळी पाठ म्हटल्यासारख्या वाचून दाखवल्या. का तसे केले, ते आजही सांगता येणार नाही. त्या माउलीच्या तोंडावर ‘एका कारखान्यात’ म्हणण्याची माझी छाती झाली नाही. अक्कांनी अंकाला डोके लावले आणि परत घडी घालून पदराखाली ठेवला. म्हणाल्या, “छापून आलंय म्हंजी आता कुणाला न्हाई म्हणता येनार न्हाई.”

सोमवारी त्या अंक घेऊन पाच किलोमीटर चालत कारखान्याच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या क्लार्कसमोर अंक ठेवला. “ह्यात लिवलंय सगळं,” म्हणाल्या. क्लार्कने वाचले आणि म्हणाला, “बाई, यात आमचं नाव कुठं आहे? यात तर तो कामगार होता असंही नाही.” शेजारचे दोघे हसले. ठेकेदार बोलू लागला होता की पोरगा त्या रात्री दोस्ताला भेटायला आत आला होता. दोन हजार रुपये घ्या आणि कागदावर अंगठा द्या, असे त्याचे म्हणणे होते.

अक्का परत आल्या. मला त्या एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “कंदिलाचा उजेड कमी व्हता बाबा. तुझं वाचताना चुकलं असंल.”

त्या रात्री माझी बायको जेवली नाही. ती रात्रशाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिने अंक स्वतः वाचला होता आणि तिला सगळे कळले होते. म्हणाली, “आवो, तुमच्या हातानं काढलं ना नाव? मग तुमच्याच हातानं परत लावा.” मी म्हणालो, “कुठं लावू? छापखाना माझा हाय का?” ती म्हणाली, “आपला पेपर येतो की जिल्ह्याहून. त्याला लिहा.”

जिल्ह्याच्या ठिकाणाहून आपल्या समाजाचे एक छोटे साप्ताहिक निघायचे. चार पाने, जाड खरबरीत कागद. जाहिराती दोनच, एक सायकल दुकानाची आणि एक मंडपवाल्याची. मी एका आंतरदेशीय पत्रावर सगळे लिहिले आणि टाकले. मला वाटले, पुढच्या अंकात येईल. आठवड्याने पोस्टकार्ड आले. ‘आपले पत्र मिळाले. पण नुसत्या पत्रावर छापता येणार नाही. त्या पाळीतले कामगार भेटतील का? मी रविवारी येतो.’

रविवारी ते संपादक एसटीने आले. वस्तीतल्या विहारात बसले. त्या पट्ट्यावर काम करणारे दोघे रात्री लपत आले. त्यांचे त्यांनी वेगवेगळे ऐकून घेतले. शवविच्छेदनाच्या कागदावरची तारीख-वेळ उतरवून घेतली. मग कारखान्याला पत्र टाकून त्यांचे म्हणणे विचारले. उत्तराची पंधरा दिवस वाट पाहिली. मी घाई करत होतो. ते म्हणाले, “आपल्याला जाहिरातीचं भय नाही, म्हणून काहीही छापायची मोकळीक आहे असं नाही. उलट आपली एक चूक सापडली, तर तेवढ्यावर ते सगळंच खोटं ठरवतील.” मार्चमध्ये बातमी आली. कारखान्याचे नाव, ठेकेदाराचे नाव, ‘कामगार’ हा शब्द, आणि शेवटी कारखान्याचे दोन ओळींचे म्हणणेही.

त्या दिवशी विहारात बसलेले असताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. ‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात ‘केसरी’ने छापावी म्हणून विनंती केली, जाहिरातीचे पैसे देण्याची तयारी दाखवली. तरी ‘केसरी’ने ती छापली नाही. टिळक त्या वेळी हयात होते. मी ऐकून म्हणालो, “म्हणजे पैसे देऊनसुद्धा नाही?” ते म्हणाले, “हो. तेव्हा पैसे नाकारून आपलं नाव बाहेर ठेवलं. तुझ्या छापखान्यात पैसे घेऊन बाहेर ठेवलं. रीत बदलली, बाहेर राहिला तो आपलाच माणूस.”

आता पुढचे. कामगार चळवळीतले एक कार्यकर्ते ते कात्रण घेऊन अक्कांकडे आले. त्या वेळी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा चालू होता. त्यात एक कलम होते. कामावर असताना कामगार मेला अशी माहिती आयुक्ताला कुठूनही मिळाली, तरी तो मालकाला रजिस्टर पोस्टाने नोटीस काढून तीस दिवसांत खुलासा मागू शकत असे. ‘कुठूनही’ म्हणजे वर्तमानपत्रातूनसुद्धा. पण नोटीस काढायची तर मालक कोण हे छापलेले पाहिजे. ‘एका कारखान्याला’ नोटीस कशी जाणार? आणि मेला तो नुसता ‘तरुण’ असेल तर कायदा लागूच होत नव्हता. माझ्या चिमट्याने कोणते दोन खिळे उपटले होते, ते मला तेव्हा नीट कळले.

नोटीस निघाली. कारखाना म्हणाला, माणूस ठेकेदाराचा. पण त्याच कायद्यात लिहिलेले होते की ठेकेदाराकडून काम करून घेतले, तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकाला टाळता येत नाही. ते दोघे कामगार साक्षीला उभे राहिले. तारखा पडत गेल्या, तीन वर्षे लागली. हिशेब त्या काळच्या नियमाने झाला. महिन्याची मजुरी नऊशे, तिचे चाळीस टक्के म्हणजे तीनशे साठ, आणि चोवीस वर्षांच्या वयाला कायद्यातल्या कोष्टकाप्रमाणे २१८.४७ ने गुणायचे. ७८,६४९ रुपये झाले. सुनेच्या आणि नातीच्या नावाने मोठा भाग बँकेत ठेवला गेला. ठेकेदार दोन हजारांवर अंगठा मागत होता, हे लक्षात घ्या.

आमच्या साप्ताहिकात या निकालाची ओळही आली नाही. संपादकांनी मला एकदाच विचारले, “ते पत्र तूच लिहिलं होतंस ना?” मी हो म्हणालो. त्यांनी मला कामावरून काढले नाही. म्हणाले, “त्यांना कारखान्याची जाहिरात नाही, म्हणून छापता आलं. मला काय शिकवतोस?” मी म्हणालो, “साहेब, तेच तर.” पुढे ऑफसेट आले, ट्रेडल मशीन भंगारात गेले आणि मी पुस्तक बांधणीच्या कामाला लागलो.

आज काळ बदलला म्हणतात. मला तरी काही फार बदललेले दिसत नाही. तालुक्याच्या बहुतेक वार्ताहरांना पगार नाही, आणलेल्या जाहिरातीवर टक्केवारी आहे. ज्याच्याकडे तो सकाळी जाहिरात मागायला जातो, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी कशी देणार? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या महाराष्ट्रात उमेदवारांचा प्रचार पैसे घेऊन बातमी म्हणून छापला गेला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच लेख शब्दाला शब्द सारखा आला, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केले. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली. तिने २०१० मध्ये वर्तमानपत्रांच्या नावांसकट अहवाल दिला. कौन्सिलने जुलैमध्ये छोटा अहवाल काढला आणि त्यात ती नावे ठेवली नाहीत. मूळ अहवाल लोकांसमोर यायला २०११ साली केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. वाचले तेव्हा मला माझा चिमटा आठवला. तालुक्यात काय आणि दिल्लीत काय, आधी नावच जाते.

दुसऱ्यांचे बोलताना घरचेही बोलले पाहिजे. १४ एप्रिल आला की आपल्या साप्ताहिकांचे विशेषांक निघतात. पानोपानी अभिवादनाच्या जाहिराती असतात, नगरसेवकांच्या, आमदारांच्या, बिल्डरांच्या. बाबासाहेबांचा फोटो वर आणि देणाऱ्याचा खाली, कधी कधी खालचाच मोठा. आठ दिवसांनी त्याच नगरसेवकाच्या वॉर्डात आपल्या वस्तीचे नळ तुटले, तर बातमी काय येते? ‘एका वॉर्डात पाण्याची टंचाई.’ मी जुळारी आहे, गाळलेली जागा मला दिसते. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात बाबासाहेब बोलले होते की पत्रकारिता हा पूर्वी पेशा होता, आता साबण बनवण्यासारखा धंदा झाला आहे. ते शब्द फक्त परक्यांसाठी होते असे समजू नये.

जाहिरात घेऊच नये असे मी म्हणत नाही. सायकलवाल्याचे दुकान चालावे, मंडपवाल्याला लग्ने मिळावीत, मुलांच्या शिकवणीची माहिती कळावी. जाहिरात ही जाहिरात म्हणून छापावी. पण एकाच जाहिरातदारावर कागदवाल्याचे बिल अवलंबून असेल, तर तो न बोलताही पेन्सिल चालवतो. ती पेन्सिल थांबवायची ताकद वर्गणीदारांतच आहे. दोनशे घरांनी वेळेवर पैसे भरले असते, तर आमचे संपादक त्या गुरुवारी नाही म्हणू शकले असते की नाही, मला माहीत नाही. पण मला तोंडावर मारायला त्यांच्या हातात ती वही तरी नसती.

आणि हे मी कोणत्या तोंडाने सांगतो, तेही ऐका. बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला सुरू झाले. त्याचे रकाने त्यांना एकट्याने लिहून भरावे लागत. पैशाअभावी ते १५ नोव्हेंबर १९२९ ला बंद पडले. हे आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी हळहळून सांगतो. जिल्ह्याचे ते छोटे साप्ताहिक, ज्याने अक्कांच्या मुलाला पुन्हा ‘कामगार’ केले, तेही १९९६ साली बंद पडले. शेवटच्या अंकात संपादकांनी थकलेल्या वर्गणीदारांची यादी छापली होती. तालुकावार, पूर्ण नावांसह. आमच्या तालुक्याची यादी मी बोटाने वाचत गेलो. सहाव्या ओळीत माझे नाव होते. तीन वर्षांची वर्गणी थकलेली होती. त्यांनी ते गाळले नव्हते.

बायकोने घरातले पैसे काढून दिले. मी दुसऱ्याच दिवशी मनिऑर्डर केली. पैसे पोहोचले, पावती आली, पण साप्ताहिक पुन्हा निघाले नाही.

तेव्हापासून आमच्या घरी एक रीत आहे. १ जानेवारीला पहिला खर्च वर्गणीचा. मुली आता सासरी आहेत, त्यांच्या घरीही तीच रीत आहे. अक्का जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांची नात परिचारिका झाली आहे. तिच्याकडे दोन कात्रणे अजून जपून ठेवलेली आहेत, एक चार ओळींचे आणि एक पूर्ण. मागे भेटली तेव्हा तिने विचारले, “आजोबा, ही दोन वेगळी का आहेत?” यावेळी मी दोन्ही जशीच्या तशी वाचून दाखवली.